विश्लेषण : मनाच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षक कसे होता येते? भवानी पेठेसारख्या वस्तीला त्यांची गरज का?

यंत्रमागावर काम करताना कुणाचे बोट कापले, तर काय करायचे हे सोलापूरच्या भवानी पेठेत कुणाला शिकवावे लागत नाही. जखम धुवायची, स्वच्छ फडके दाबून धरायचे आणि दवाखाना गाठायचा. पण शेजारच्या मागावरचा माणूस महिनाभर कुणाशी बोलत नाही, डबा तसाच परत नेतो आणि एके दिवशी ‘आता सगळंच संपलं’ असे म्हणतो, तेव्हा काय करायचे? बहुतेक जण ‘होईल सगळं ठीक’ म्हणतात आणि कामाला लागतात. त्यात दुष्टपणा नसतो. काय करावे हे कुणी सांगितलेलेच नसते. ते सांगणारा, म्हणजे मनाचा प्रथमोपचार शिकवणारा प्रशिक्षक कसा तयार होतो, त्याला काय येते, काय येत नाही आणि सध्या शाळा-महाविद्यालयांमुळे या विषयाला एवढे महत्त्व का आले, याविषयी…

मनाचा प्रथमोपचार म्हणजे नेमके काय?

शरीराच्या प्रथमोपचारात आपण डॉक्टर होत नाही. डॉक्टर मिळेपर्यंत नुकसान वाढू नये, एवढेच पाहतो. मनाच्या प्रथमोपचाराचेही तसेच आहे. नैराश्य, तीव्र चिंता, भ्रम-भास, दारूचे व्यसन किंवा आत्महत्येचे विचार यांनी घेरलेल्या माणसाला योग्य उपचार मिळेपर्यंत किंवा संकट टळेपर्यंत जवळच्या व्यक्तीने दिलेली मदत म्हणजे मनाचा प्रथमोपचार. यात रोगाचे निदान करायचे नसते, औषध सुचवायचे नसते आणि समुपदेशनही करायचे नसते.

याच्याशी मिळतीजुळती दुसरी एक पद्धत आहे. पूर, आग, अपघात, दंगल अशा आघातानंतर लोकांना आधार कसा द्यावा, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसोबत २०११ मध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शिका काढली. ‘बघा, ऐका, जोडून द्या’ हे तिचे सूत्र. ही पद्धत मुख्यतः आपत्तीनंतरच्या काळासाठी आहे, तर मनाचा प्रथमोपचार रोजच्या आयुष्यात हळूहळू वाढणाऱ्या त्रासासाठीही आहे. दोन्हींची नावे अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. त्यामुळे प्रशिक्षण घेताना आपण कोणते घेत आहोत, हे आधी विचारून घ्यावे.

ही कल्पना आली कुठून?

ऑस्ट्रेलियातून. बेटी किचनर या परिचारिका आणि शिक्षिका. त्यांनी स्वतः नैराश्य अनुभवले होते. त्यांचे पती अँथनी जॉर्म मानसिक आरोग्याविषयीच्या लोकांच्या समजुतींचा अभ्यास करणारे संशोधक. कॅनबेरात कुत्र्याला फिरवायला नेताना दोघांच्या गप्पांतून प्रश्न निघाला : प्रथमोपचाराच्या वर्गात हाडे मोडण्यापासून भाजण्यापर्यंत सगळे शिकवतात, मग मनाचे का नाही? २००० मध्ये त्यांनी अभ्यासक्रम बेतला. तो सुरुवातीला ९ तासांचा होता, पुढे १२ तासांचा झाला. आज तो अनेक देशांत शिकवला जातो. भारतात ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड इंडिया’मार्फत हे प्रशिक्षण मिळते.

हा अभ्यासक्रम परदेशातून जसाच्या तसा उचलून चालत नाही, हे संशोधकांनाही ठाऊक होते. आत्महत्येचा विचार करणाऱ्या व्यक्तीला मदत कशी करावी, याची भारतासाठीची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे भारतात काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या सहमतीने तयार करण्यात आली आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.

वर्गात काय शिकवतात?

सगळा भर पाच गोष्टींवर असतो. समजा, विड्या देण्यासाठी शाखेत आलेल्या एका मावशींचे कामात लक्ष नाही. नेहमी हात चालवणाऱ्या या बाईंच्या विड्या आता वरचेवर ‘छाट’ म्हणून परत येतात. त्या डोळे पुसतात, झोप लागत नाही म्हणतात. शेजारी बसणारीने काय करावे?

- जवळ जा, धोका ओळखा. चारचौघींत नव्हे, बाजूला घेऊन बोलावे. ‘अक्का, पंधरा दिवस झाले, तुम्ही पहिल्यासारख्या बोलत नाही. काय झालंय?’ अशी, जे दिसले तेवढ्यावरूनच सुरुवात करावी. जिवाला धोका आहे का, हे याच वेळी पाहायचे.
- ऐका, निवाडा करू नका. ‘एवढ्यातेवढ्याला काय रडायचं’, ‘माझं बघ, मी कसं सोसलं’ ही वाक्ये टाळायची. मधे न बोलता ऐकणे हा प्रशिक्षणातला सर्वात अवघड धडा असतो.
- धीर आणि खरी माहिती द्या. हा मनाचा कमकुवतपणा नाही, हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, एवढे सांगायचे. ‘उद्या बरं वाटेल’ असे खोटे आश्वासन द्यायचे नाही.
- तज्ज्ञांकडे जाण्यास मदत करा. ‘डॉक्टरला दाखव’ म्हणून सोडून द्यायचे नाही. कुठे जायचे, केसपेपर कुठे काढायचा, सोबत कोण येणार, हे ठरवून द्यायचे.
- इतर आधार जोडा. बहीण, मैत्रीण, भजनी मंडळ, बचत गट, नियमित झोप, चालणे. उपचारांसोबत हेही लागते.

या पाच गोष्टी पायऱ्यांसारख्या क्रमानेच चढाव्या लागतात असे नाही. पण जिवाचा धोका ओळखणे सर्वात आधी.

आत्महत्येविषयी थेट विचारायचे का?

होय, आणि वर्गात बहुतेकांना धक्का इथेच बसतो. विचारल्याने ‘डोक्यात नसलेला विचार घातला जाईल’ ही भीती सार्वत्रिक आहे; पण ती खरी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारल्याने त्या माणसाला बोलायला वाट मिळते. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असा सरळ प्रश्न विचारायचा. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असा, उत्तर ‘नाही’ यावे म्हणून घातलेला प्रश्न नको.

उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडायचे नाही, घातक वस्तू हाताशी राहू द्यायच्या नाहीत, घरच्या विश्वासू माणसाला कळवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन इथे द्यायचे नसते. एरवी गोपनीयता पाळायची, पण जीव धोक्यात असेल तेव्हा योग्य माणसाला सांगावेच लागते, हे त्या व्यक्तीलाही आधीच सांगून टाकायचे.

पोलीस केस होईल, या भीतीने अनेक कुटुंबे प्रयत्न झाल्यावरही दवाखान्यात खरे सांगत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ उरलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. प्रशिक्षकाला हे कायदे तोंडपाठ असावे लागतात, कारण वर्गात हा प्रश्न येतोच.

प्रशिक्षक कोण होऊ शकतो?

मानसशास्त्राची पदवीच हवी असे नाही. शिक्षक, परिचारिका, समाजसेवक, कामगार संघटनेचे कार्यकर्ते, पोलीस कर्मचारी, निवृत्त मुख्याध्यापक, मानसिक आजारातून सावरलेली व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक यांपैकी कुणीही पुढे येऊ शकते. निवडीत पाहिले जाते ते असे : विषयाची प्राथमिक जाण आहे का, मोठ्या माणसांना शिकवता येते का, आजारी व्यक्तींविषयी मनात अढी नाही ना आणि ज्यांना शिकवायचे त्या लोकांत ऊठबस आहे का.

वाट साधारण अशी असते :

१. आधी स्वतः शिकाऊ म्हणून मूळ अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि प्रथमोपचारकाचे प्रमाणपत्र घ्यायचे.

२. परवानाधारक संस्थेकडे प्रशिक्षक होण्यासाठी अर्ज करायचा. आपण कुणाला आणि कुठे शिकवणार, हे त्यात सांगावे लागते.

३. अनेक दिवस चालणारे प्रशिक्षक-प्रशिक्षण घ्यायचे. ऑस्ट्रेलियात ते प्रदीर्घ काळ पाच दिवसांचे होते. यातला कस पाहणारा भाग म्हणजे परीक्षकांसमोर अभ्यासक्रमातला एखादा भाग शिकवून दाखवणे.

४. मान्यता मिळाल्यावर ठरलेल्या साहित्यानुसारच वर्ग घ्यायचे. आपल्या मनाचे उपचार, उतारे, मंत्र त्यात घुसडता येत नाहीत.

५. मान्यता टिकवण्यासाठी दर वर्षी ठरावीक वर्ग घ्यावे लागतात आणि ज्ञान अद्ययावत ठेवावे लागते. एकदा मिळालेले प्रमाणपत्र जन्मभर चालत नाही.

मोठ्यांचा वर्ग घेण्याची मान्यता मिळाली म्हणजे किशोरवयीनांसाठीचा अभ्यासक्रमही शिकवता येतो, असे नाही. त्यासाठी वेगळी तयारी लागते.

शाळा-महाविद्यालयांचा यात काय संबंध?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी देशभर लागू होणारे १५ निर्देश दिले. शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग, वसतिगृहे अशा सर्वांना ते लागू आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणे ओळखणे, स्वतःला इजा करण्याच्या प्रसंगी काय करायचे आणि पुढे कुठे पाठवायचे, याचे प्रशिक्षण दिले पाहिजे.

यामागचे आकडे गंभीर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यापैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव गमावला आणि तिथेही महाराष्ट्रच पुढे होता.

मात्र न्यायालयाच्या निर्देशात एक शब्द महत्त्वाचा आहे. हे प्रशिक्षण ‘प्रमाणित मानसिक आरोग्य व्यावसायिकां’कडून व्हायचे आहे. म्हणजे केवळ प्रथमोपचाराचा प्रशिक्षक झालेल्या शिक्षकाने वर्ग घेतला म्हणून संस्थेची जबाबदारी संपत नाही. असा शिक्षक मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाच्या जोडीने वर्ग घेऊ शकतो, स्थानिक उदाहरणे देऊ शकतो आणि दोन प्रशिक्षणांच्या मधल्या सहा महिन्यांत सहकाऱ्यांना धरून ठेवू शकतो. पण संस्थाचालकांनी त्याला तज्ज्ञाचा स्वस्तातला पर्याय समजू नये.

भवानी पेठेत वेगळे काय?

पहिली गोष्ट भाषा. पेठेत यंत्रमाग आणि विडी कामगारांची दाट वस्ती आहे. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती या भागांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, हिंदी-उर्दू कानावर पडते. घरात तेलुगू बोलणारी बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणार नाही. ती ‘मनसु बागालेदु’ म्हणेल, मन बरे नाही. मराठी बोलणारी ‘करमत नाही’, ‘जीव घाबरतोय’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ असे सांगेल. पुष्कळदा तर तक्रार मनाची नसतेच. अंगदुखी, छातीत धडधड, भूक मरणे अशा शरीराच्या तक्रारींतूनच ती बाहेर येते. पुस्तकी शब्द घेऊन बसणाऱ्या प्रशिक्षकाच्या हातून ही माणसे निसटतात. बाहेरून आलेल्या पाहुण्या वक्त्यापेक्षा इथल्याच दोन-तीन भाषा बोलणारी शिक्षिका किंवा ‘आशा’ कार्यकर्ती म्हणूनच अधिक उपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट वेळेची. हजार विड्यांमागे किंवा मीटरमागे मजुरी मिळणाऱ्याला दोन दिवसांचा वर्ग म्हणजे दोन दिवसांच्या कमाईवर पाणी. त्यामुळे वर्ग सुट्टीच्या दिवशी किंवा तुकड्या-तुकड्यांत ठेवण्याचा विचार करावा लागतो. अर्थात एकूण तास कापून ‘झटपट’ वर्ग उरकणे हा त्यावरचा उपाय नाही.

तिसरी गोष्ट दाटीची. घराला घर लागून असते, तिथे एकाची गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते. वर्गात सांगितलेले वर्गाबाहेर जाणार नाही, हा नियम प्रशिक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत ठरवून घ्यावा लागतो. उदाहरण देताना गल्लीतल्या कुणाची ओळख पटेल असे बोलायचे नाही.

चौथी गोष्ट दारूची. ‘उद्यापासून एकदम बंद कर’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला रोज भरपूर पिणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. अचानक दारू तोडल्यास हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असे त्रास होऊ शकतात. म्हणून दारू सोडणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे, हे घरच्यांना सांगणे हाही प्रथमोपचारच.

आणि शेवटची गोष्ट श्रद्धेची. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आधी देवऋषाकडे गेलेल्या कुटुंबाला हसले, तर ते पुन्हा दाराशी येत नाही. देवाला नमस्कार करू नका, असे सांगण्याची गरज नसते. ‘देवालाही जा, पण दवाखाना आज करा’ एवढे पुरते. मारहाण, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे असले प्रकार चालू असतील तर मात्र ते थांबवलेच पाहिजेत.

सामान्य माणूस खरेच फरक पाडू शकतो का?

महाराष्ट्रातच याची उदाहरणे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी मानसिक आरोग्याविषयी बोलायचे, त्रासातल्या माणसाला आधार द्यायचा आणि गरज असेल त्याला पुढे पाठवायचे, अशी रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते पुढच्या पाहणीत २७.२ टक्के आढळले. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पुण्याच्या एका संस्थेने नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत ‘आत्मीयता’ उपक्रमातून गावातल्याच लोकांना असेच तयार केले. गोव्यात ‘संगाथ’ने प्रशिक्षित सामान्य व्यक्तींकडून नैराश्यावर मदत देण्याचे प्रयोग केले.

याची गरज का, हेही आकडेच सांगतात. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. त्यामुळे तज्ज्ञ आणि घर यांच्यामधला दुवा बळकट करणे याला पर्याय नाही.

या प्रशिक्षणाच्या मर्यादा काय?

या वर्गांमुळे शिकणाऱ्यांचे ज्ञान वाढते, अढी कमी होते आणि मदतीला जाण्याचा आत्मविश्वास येतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण ज्याला मदत मिळाली त्या माणसाची प्रकृती त्यामुळे सुधारते का, याचा पुरेसा पुरावा अजून नाही, असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याने नोंदवले. याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. पुढची साखळी असेल तरच पहिली कडी कामाची, असा आहे. रुग्णालयात औषध नसेल, रांगेत दिवस जात असेल, मजुरी बुडत असेल, तर ‘डॉक्टरकडे चला’ या वाक्याला वजन राहत नाही. कर्ज, बेकारी, घरातली मारहाण यांवर ऐकून घेणे हा उपाय नव्हे. तिथे कायद्याची, पैशाची, कामाची मदत लागते.

फसवणूक कशी टाळावी?

मागणी वाढली की दोन तासांत ‘मास्टर ट्रेनर’ करणाऱ्या जाहिरातीही येतात. पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारावेत : अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? एकूण तास किती? शिकवणाऱ्याची पात्रता काय? शिकवून दाखवण्याची परीक्षा आहे का? मान्यतेचे नूतनीकरण कसे होते? उत्तरे टाळली जात असतील, तर दूर राहिलेले बरे.

आणखी एक भान हवे. या प्रमाणपत्रामुळे कुणी समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ होत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी विहित शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. दारावर पाटी लावून फी घेणारा ‘प्रथमोपचारक’ दिसला तर तो प्रथमोपचारक नव्हे.

पहिला वर्ग घेण्याआधी काय तयारी हवी?

शक्यतो दोघांनी मिळून वर्ग घ्यावा. आत्महत्येचा विषय निघाला की शिकायला आलेल्यांतलाच कुणी ना कुणी हलतो. कुणाचा भाऊ गेलेला असतो, कुणी स्वतः त्या वाटेवरून परतलेले असते. अशा वेळी एकाने वर्ग सांभाळायचा आणि दुसऱ्याने त्या व्यक्तीसोबत बाहेर बसायचे. वर्ग संपल्यावर तिची पुन्हा चौकशी करायची. प्रशिक्षकालाही आपले मन मोकळे करायला कुणी हवे. सगळ्यांचे ऐकून घेणारा स्वतः कोरडा पडला, तर वर्ग बंद पडतो.

भिंतीवर एक कागद मात्र हवाच. शिकलेले बाकी सारे विसरले, तरी त्यावरचे आकडे कुणाच्या तरी कामी येतात.

मदत कुठे मिळेल?

- टेलि-मानस : १४४१६ किंवा १-८००-८९१-४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची मोफत, २४ तास सेवा. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दूसह अनेक भाषांत बोलता येते.
- रुग्णवाहिका : १०८. तातडीची मदत : ११२. छातीत दुखत असेल आणि ते घाबरल्यामुळे की हृदयाचे, हे कळत नसेल, तर अंदाज न बांधता १०८ लावावा.
- सोलापूर शहर : श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातील (सिव्हिल हॉस्पिटल) मानसोपचार विभाग.